त्रेचाळीस फूट म्हणजे किती?

बाळासो पेंटर भिंतीसमोर उभे राहिले, की पहिली दोन-चार मिनिटं ब्रश उचलायचेच नाहीत. तोंडात सुपारी, हात मागं बांधलेले, डोळे भिंतीवर. कुणी घाई केली तर म्हणायचे, "थांबा की वाईच. भिंत सांगत्या, कुटनं सुरू करायचं त्ये." मग एकदा सुरू केलं, की दोरी नाही, पट्टी नाही, अक्षर सरळ रेषेत चालायचं.

त्यांचं घर पंचगंगेच्या काठाला, म्हसोबा गल्लीत. गल्ली सखल. सगळी घरं दूधवाल्यांची, दारात गोठे, सकाळी गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर धार काढायला म्हशी निघाल्या की रस्ता त्यांचाच. बाळासोंच्या वडिलांच्याही म्हशी होत्या, पण पोराचं मन रंगात. पंधराव्या वर्षी ते एका बोर्ड रंगवणाऱ्याकडं डबे धुवायला लागले आणि विशीत त्याच्यापेक्षा चांगलं अक्षर काढायला लागले. दुकानांच्या पाट्या, तालमींची नावं, ट्रकची मागली फळी, बियाण्याच्या आणि पंपाच्या भिंतीवरच्या जाहिराती. लग्न झालं ते तानाबाईंशी. म्हशींचं सगळं तानाबाईंनी अंगावर घेतलं आणि नवऱ्याला रंगात राहू दिलं. एकुलती मुलगी क्रांती, ती पुढं मुरगूडला दिली.

त्यांचा धंदा बुडवला तो आम्ही. माझं नाव राजवर्धन. उचगावात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. बाळासोंना जी पाटी रंगवायला तीन दिवस लागायचे, ती आमचं मशीन वीस मिनिटांत बाहेर टाकायचं, वर मालकाच्या फोटोसकट. पाच-सहा वर्षांत शहरातले निम्मे पेंटर घरी बसले. एक दिवस बाळासो दुकानात आले, स्टूल ओढून कॉम्प्युटरसमोर बसले आणि म्हणाले, "राजू, ह्ये शिकीव मला." तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. मला वाटलं, आठ दिवसांत कंटाळतील. पण माऊस त्यांनी ब्रशासारखा बोटांच्या टोकांत धरला आणि चार महिन्यांत माझ्याकडचे दोन्ही तरणे डिझायनर त्यांना विचारून काम करायला लागले.

वाढदिवसाचे बोर्ड, निवडीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. हेच आमचं काम. त्यातही त्यांचा एक नियम होता. "गाडीवरच्या माणसाला चार शब्द," ते सांगायचे. "पाचवा वाचंस्तवर त्यो म्होरं गेल्याला असतोय." गिऱ्हाईक चाळीस नावांची यादी घेऊन आलं, की ते कपाळाला हात लावायचे आणि मुकाट्यानं चाळीस नावं बसवायचे.

दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात एका कार्यालयाकडून आम्हाला पुराच्या इशाऱ्याचे बोर्ड करायचं काम आलं. मजकूर टाईप होऊन आला होता, दीड पान. 'सर्व संबंधित नागरिकांना कळविण्यात येते की, राजाराम बंधारा येथे पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट असून' असं सुरू होऊन ते खाली शिक्का-सहीपर्यंत. बाळासोंनी फोन लावून विचारलं, थोडं कमी केलं तर अक्षर मोठं होईल. पलीकडून उत्तर आलं, एक शब्दही हलवायचा नाही. मग त्यांनी दीड पान आठ बाय चारमध्ये बसवलं. त्यातला एक बोर्ड त्यांच्याच गल्लीच्या तोंडाला लागला.

तानाबाईंना वाचता येत होतं, पण सावकाश. त्या बोर्डासमोर शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या, सगळं वाचलं आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "व्हय वो, त्रेचाळीस फूट म्हंजे किती? आपल्या दारात कितीला येतंय?"

बाळासो जेवत होते. हसले. "अगं, त्यो बंधारा तिकडं लांब, तू हितं. त्यांचा आकडा त्यांच्यापाशी. पाणी आलं की दिसंलच की."

हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. किती वेळा सांगितलं, त्याला मोजदाद नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आभाळ फाटलं. असा पाऊस तोवर आम्ही पाहिला नव्हता. धरणं भरून वाहत होती, नदी पात्र सोडून शेतात पसरली होती, तरी गल्लीत कुणी हललं नव्हतं. मागच्या मोठ्या पुरात पाणी कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत आलं होतं, म्हणून यंदाही तिथंच थांबेल, असा सगळ्यांचा हिशेब. त्या दिवशी सकाळी बाळासो दुकानात आले, कारण मी बोलावलं होतं. एका पुढाऱ्याच्या माणसांना पूरग्रस्तांच्या मदतीचे बॅनर तातडीनं पाहिजे होते. 'एक हात मदतीचा', वर साहेबांचा फोटो.

बाराच्या सुमाराला तानाबाईंचा फोन आला. मी शेजारीच होतो, आवाज मला ऐकू आला. "पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलंय. मी म्हशी सोडून वर न्हेते. तुमी या."

"आलोच," बाळासो म्हणाले आणि उठले.

मी म्हणालो, "काका, एवढं एक करून जावा की. मशीनला लावलं की झालं."

ते बसले. पुढाऱ्याचा माणूस मागं उभा होता. त्याला साहेबांचा फोटो लहान वाटला. मोठा केला. मग मदतीचा हात फोटोच्या मागं गेला, तो पुढं आणायला सांगितला. मग खालच्या नावांमध्ये एक राहिलं. असं करत दीड तास गेला. पाऊण वाजता पुन्हा फोन वाजला होता. बाळासोंनी तो उचलून "निघालोय" म्हटलं आणि पुन्हा माऊस हातात घेतला. मी ते पाहिलं आणि काही बोललो नाही.

ते गल्लीच्या तोंडाशी पोचले, तेव्हा तिथं गल्ली नव्हती. कमरेच्या वर पाणी, आणि त्याला ओढ. तालमीच्या पोरांनी त्यांना धरून ठेवलं, नाहीतर ते आत शिरले असते. दोघं पट्टीचे पोहणारे दोर बांधून आत गेले. एक म्हैस सुटी होऊन पोहत बाहेर आली, रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि हंबरत राहिली. दुसरीचं दावं पाण्यात फुगून गाठ बसली होती. ती सोडवायला तानाबाई वाकल्या असताना गोठ्याची मातीची भिंत आत बसली. पोरांनी परत येऊन एवढंच सांगितलं, की काका, भिंत पडल्या. तिसऱ्या दिवशी पाणी थोडं उतरल्यावर त्या सापडल्या. दावं हातातच होतं.

महिनाभर बाळासो मुरगूडला लेकीकडं होते. परत आले ते अर्धे होऊन. गल्लीतल्या मंडळानं माझ्याकडं तानाबाईंच्या श्रद्धांजलीचा बोर्ड सांगितला होता. मी तो करून ठेवला. बाळासोंनी पाहिला आणि म्हणाले, "लावू नगंस." मी कारण विचारलं नाही, पण चार दिवसांनी त्यांनी आपणहून सांगितलं. पूर ओसरल्यावर, ते मुरगूडला जायच्या आधी, गल्लीतलं गटार साफ करताना तोंडाशी बोळा होऊन बसलेले फ्लेक्स निघाले होते. ओढून बाहेर काढले तेव्हा ते तिथं उभे होते. चिखलातून एकेक अक्षर वर येत होतं आणि त्यांना सगळी ओळखीची. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. "माझंच काम हुतं सगळं," ते म्हणाले.

त्यानंतर ते दुकानात यायचे, पण दुपारपर्यंतच. दुपारनंतर वही घेऊन गल्लीत घरोघर फिरायचे. मला वाटलं, एकटे पडलेत, माणसं शोधतायत. एक दिवस मीच त्यांच्यामागं गेलो. वहीत त्यांनी पुराच्या दिवसांची पेपरातली कात्रणं चिकटवली होती, रोजची बंधाऱ्यावरची पातळी. दारात बसून ते बायकांना विचारत होते. "रविवारी दुपारी बंधाऱ्यावर पंचेचाळीस हुतं. तवा तुझ्यात कुटं हुतं पाणी?"

चिमणाबाई म्हणून त्यांच्या शेजारीण. सत्तरीच्या. त्या उठल्या आणि चुलीपाशी जाऊन बोट ठेवलं. "हितं. शेगडी बुडली तवा मी निघाले."

"आन मंगळवारी?"

"मंगळवारी मी न्हवते. पर आल्यावर बगितलं तर देवाच्या फळीवर गाळ हुता."

बाळासोंनी दोन्ही ठिकाणी खडूनं रेघ मारली. गवंड्याकडून त्यांनी पारदर्शक नळी आणली होती. तिच्यात पाणी भरून एक टोक या घराच्या रेघेला, दुसरं टोक पुढच्या घराच्या भिंतीला. दोन्हीकडं पाणी एका पातळीला थांबलं की पुढच्या घरी खूण. असं करत त्यांनी चार महिन्यांत अख्खी गल्ली मोजली. बंधाऱ्यावर अमुक आकडा असेल तेव्हा कुणाच्या दारात किती पाणी, हे त्यांच्या वहीत घरागणिक उतरलं. तानाबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं ते.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला एका पर्यावरण संस्थेनं माझ्याकडं पोस्टर करायला दिलं. मी नेटवरून चित्र काढलं. दोन तळहात, त्यात हिरवी पृथ्वी, खाली 'पृथ्वी वाचवा'. बाळासो मागं येऊन उभे राहिले.

"ह्ये बगून कोण काय करणार हाय, राजू?"

"जागृती, काका."

"पृथ्वीत कोण ऱ्हातंय हितं? माणूस गल्लीत ऱ्हातंय." मग म्हणाले, "तिला कुणी पृथ्वीचं चित्र दावलं असतं, तर ती म्हस सोडून पळाली असती व्हय?"

त्याच सुमाराला विश्वजित नावाचे एक प्राध्यापक त्यांना भेटले. कॉलेजात भूगोल शिकवायचे. बाळासोंची वही पाहून ते दोन दिवस गल्लीत येऊन बसले. पाऊस असा का झाला, हे बाळासोंनी त्यांना खोदून खोदून विचारलं. प्राध्यापकांनी सांगितलं, जगभरच्या धुरानं हवा तापली, समुद्र तापला, तापलेली हवा जास्त पाणी धरून ठेवते आणि टाकते तेव्हा एकदम टाकते. महिनाभर पडायचा तो पाऊस चार दिवसांत कोसळतो. हे पुन्हा पुन्हा होणार. बाळासोंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे म्हाताऱ्यांचा अंदाज आता चालायचा न्हाय," ते म्हणाले. "पिंपळापतोर येतंय म्हणून बसून ऱ्हायलो, तितंच घात झाला."

मग त्यांनी ब्रश काढले. नऊ वर्षांनी. मी म्हणालो, मी फुकट फ्लेक्स करून देतो. ते म्हणाले, "फ्लेक्स न्हाय. पुरात ऱ्हायलं पायजे आन गटारात जायला नगं."

चिमणाबाईंच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर त्यांनी म्हैस काढली. हुबेहूब, खऱ्या म्हशीएवढी, खूर जमिनीला टेकलेले. शेजारी दावं धरलेली बाई, नऊवारीतली, पाठमोरी. आणि त्या दोघींच्या अंगावरून आडव्या निळ्या रेघा, नळीनं मोजून, जिथल्या तिथं. प्रत्येक रेघेवर बंधाऱ्याचा आकडा. त्रेचाळीसला लिहिलं, 'घोटा'. पंचेचाळीसला, 'म्हशीचा गुडघा'. सत्तेचाळीसला, 'पोट'. एकोणपन्नासची रेघ म्हशीच्या पाठीवरून आणि बाईच्या गळ्यावरून जात होती. तिथं लिहिलं, 'आता कुणी येऊ शकत नाही'. खाली खुरांपाशी, कोरड्या जमिनीवर, लाल रंगात: 'एकेचाळीसला म्हशी हलवा'. आणि सगळ्यात वर, पलीकडच्या रस्त्यावरून दिसेल एवढं मोठं, चार शब्द.

'पाऊस बदललाय. आधी निघा.'

पहिल्या दिवशी गल्ली गोळा झाली. कुणी हसलं. कुणी म्हणालं, दारात अभद्र काढून ठेवलंय. एका घरमालकानं भांडण काढलं, की भाडेकरू पळून जातील. चिमणाबाई मात्र भिंतीपाशी गेल्या, सत्तेचाळीसच्या रेघेवर हात ठेवला आणि मग तो हात स्वतःच्या पोटावर ठेवून पाहिला. "एवढं व्हय?" त्या म्हणाल्या. मग एकेक बाई येऊन तसंच करून गेली. बाळासो रंगाचा डबा घेऊन बाजूला उभे होते. पाहता पाहता ते वळले आणि पिंपळाच्या पलीकडं जाऊन बसले.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं. त्या काळात त्यांनी काठाकाठानं अकरा भिंती केल्या. प्रत्येक ठिकाणी आधी मोजणी, मग चित्र. जिथं म्हशी नव्हत्या तिथं मोटरसायकल काढली, जिथं कुंभार होते तिथं गणपतीच्या कच्च्या मूर्तींची रांग.

बारावी भिंत नदीच्या अंगाला, जिथं नवे प्लॉट पडले होते तिथली. जमीन सखल, वर मुरमाचा भराव टाकून सपाट केलेली. एकोणीसच्या पुरात तिथं माणूस बुडेल एवढं पाणी होतं, पण तेव्हा तिथं घरं नव्हती म्हणून ते कुणाच्या लक्षात नव्हतं. बाळासोंनी कुंपणाच्या भिंतीवर रेघा मारल्या. आठ दिवसांत प्लॉट विकणाऱ्यानं चुना फासला. बाळासोंनी पुन्हा रंगवलं. पुन्हा चुना. त्यानंतर तो माणूस माझ्या दुकानात आला. माझं मोठं गिऱ्हाईक. त्याच्या सगळ्या प्लॉटच्या जाहिराती माझ्याकडं व्हायच्या. तो रागावला नाही, चहा पिऊन गेला, आणि जाताना म्हणाला, तुमच्या म्हाताऱ्याला जरा समजवा.

मी समजावलं. "काका, ती एक भिंत सोडा की. बाकी अकरा हायत न्हवं?"

बाळासोंनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "बरं."

एकवीसच्या जुलैत पाणी पुन्हा आलं, आणि या वेळी आठवडा लावला नाही. दोन दिवसांत चढलं. गल्लीत पहाटेपासून बायका एकमेकींना आकडा विचारत होत्या. एकेचाळीस झाले आणि चिमणाबाईंनी आपली म्हैस सोडली. त्यांच्या मागनं सगळी गल्ली. भर पावसात साठ-सत्तर म्हशी वरच्या शाळेच्या मैदानाकडं चालत गेल्या. डोक्यावर गठुडी घेतलेल्या बायका, पाठीवर सिलेंडर घेतलेले पुरुष. दुसऱ्या दिवशी एकोणपन्नासची रेघ पाण्याखाली गेली. पाणी मागल्या वेळेपेक्षाही वर चढलं. म्हसोबा गल्लीतलं एक जनावर गेलं नाही, एक माणूस गेलं नाही.

मी मैदानावर बाळासोंना शोधत गेलो. वाटलं, आज तरी चेहरा उजळला असेल. ते शाळेच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "दोन वर्सं आधी काढलं असतं, राजू. रंग घरातच हुता."

पाणी ओसरून पंधरा दिवस झाले आणि त्यांच्या दारात एक म्हातारे गृहस्थ आले. मी त्या वेळी तिथंच होतो, घर धुवायला मदत करायला गेलेलो. स्वच्छ धोतर, कपाळाला विभूतीचे पट्टे. चनबसाप्पा त्यांचं नाव. मूळचे नेसरीकडचे. तिथलं किराणा दुकान आवरून मुलानं घेतलेल्या नव्या घरी राहायला आले होते. ते घर त्या नव्या प्लॉटांवर होतं.

"पेंटर तुमीच का?" त्यांनी विचारलं.

"व्हय. बसा की, पावणं."

ते बसले नाहीत. "आमची मालकीण, अक्काताई, अंथरुणाला खिळून होती. गुडघे गेलेले. आमाला सांगितलं होतं, हितं पाणी कधी आलंच न्हाई. म्हणून आमी थांबलो. पाणी कॉटला लागलं तेव्हा चौघांनी तिला कॉटसकट उचलून न्हेलं. पावसातनं. गारठली. चार दिवस दवाखान्यात काढली, पाचव्या दिवशी गेली." मग म्हणाले, "आता लोक सांगतात, हितं भिंतीवर सगळं लिवलेलं होतं म्हणून. तुमी लिवलं, त्यांनी पुसलं. परत लिवलं, परत पुसलं. खरं हाय का?"

"खरं हाय."

"मग तिसऱ्यांदा का लिवलं न्हाई?"

मी बोलायला तोंड उघडलं. हे सांगायचं होतं, की दोष माझा आहे. बाळासोंनी हातानं मला थांबवलं. चनबसाप्पांसमोर ते हात जोडून उभे राहिले, जसं एखाद्या मयताच्या घरी उभं राहावं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "लिवायला पायजे हुतं."

चनबसाप्पांना बहुधा भांडण अपेक्षित होतं. ते तसेच उभे राहिले, मग खाली ओल्या फरशीवर बसले आणि रडायला लागले. बाळासो त्यांच्या शेजारी बसले. दोघंही म्हातारे, दोघांच्याही बायका त्या नदीनं नेलेल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. त्या संध्याकाळी मी त्या प्लॉटवाल्याला फोन करून सांगितलं, की तुमची कामं दुसरीकडं द्या. पण उशिराच सांगितलं, हे मला कळत होतं.

बारावी भिंत त्यांनी तिसऱ्यांदा रंगवली ती चनबसाप्पांच्याच कंपाउंडवर. चनबसाप्पा रंगाचा डबा धरून शेजारी उभे. तिथं बाळासोंनी कॉट काढली, चार माणसांनी उचललेली, आणि तिच्यावरून रेघ. एक शेजारी तावातावानं आला, म्हणाला, अहो, इथले रेट पडतील. चनबसाप्पा शांतपणे म्हणाले, "पडू देत. माणूस पडण्यापेक्षा रेट पडलेला बरा." ती भिंत मग कुणी पुसली नाही.

या बातम्या पेपरात आल्यावर एका कार्यालयातून बाळासोंना बोलावणं आलं. मीही गेलो. साहेब भले वाटले. कल्पना उत्तम आहे म्हणाले, सगळ्या नदीकाठी करू. फक्त वर मान्यवरांचे फोटो येतील, मजकूर आम्ही देऊ, आणि भिंतीपेक्षा फ्लेक्स बरे पडतात. बाळासोंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटू कितव्या फुटावर लावायचं, साहेब? बुडणाऱ्यात का वरल्यात?" साहेब हसले. पुन्हा बोलावणं आलं नाही. मात्र चनबसाप्पा, चिमणाबाई आणि गल्लीतल्या तीसेक बायका त्या भरावाविरुद्ध अर्ज घेऊन दोन वर्षं खेटे घालत राहिल्या. शेवटी नवीन भराव थांबला. जुना तसाच आहे.

दोन हजार तेवीस साली बाळासोंचा उजवा हात थरथरायला लागला. आधी वाटलं अशक्तपणा. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. एकदा मी गेलो तेव्हा ते जुन्या भिंतीवरचा उडालेला सात पुन्हा गिरवत होते. तीन वेळा पुसला, तीन वेळा वाकडा आला. त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला, फडक्यानं नीट पुसला आणि माझ्या हातात दिला. "आता ऱ्हाऊ दे," म्हणाले. क्रांती आली आणि त्यांना मुरगूडला घेऊन गेली. जाताना ते गाडीत पुढं बसले आणि एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

भिंती आता बायका सांभाळतात. मे महिन्यात चिमणाबाईंची सून रंग आणते आणि ज्या अक्षराचा रंग उडालाय ते भरते. अक्षर वाकडं येतं, पण वाचता येतं.

गेल्या पावसाळ्यात पाणी पुन्हा चढायला लागलं, तेव्हा मी दुपारी दुकान बंद करून गल्लीत गेलो. म्हशी निघाल्या होत्या. गडबड नव्हती, ओरडा नव्हता. रोज धारेला निघाव्यात तशा एकामागून एक वर चालल्या होत्या. शेवटची म्हैस कोपऱ्यावरून वळली तेव्हा मी बाळासोंना फोन लावला.

"काका, गल्ली रिकामी झाली."

"समदी गेली?"

"समदी."

"चिमणाबाय?"

"पयल्यांदा त्याच गेल्या."

"कुणी मागं ऱ्हायलं न्हाय न्हवं? नीट बग. गोठ्यात वाकून बग."

मी मोबाईल कानाला लावूनच दोन्ही बाजूंचे गोठे बघत शेवटपर्यंत गेलो. प्रत्येक गोठ्यात वाकून पाहिलं. "कुणी न्हाय, काका," मी सांगितलं.

मला वाटलं फोन कट झाला. मग क्रांती बोलली, दबक्या आवाजात. "राजूदादा, ठेवते. बाबा रडाय लागल्यात."

मी गल्लीतून वर चालत आलो. पाऊस लागून राहिला होता.